एसएसआयएम ०.९६, तरी खऱ्या स्कॅनवर प्रतिमा का बिघडते?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मेंदूच्या एमआरआयच्या तयार प्रतिमा तुम्ही एका खुल्या संग्रहातून घेतल्या, प्रत्येक प्रतिमेचे फूरिए रूपांतर करून, म्हणजे तिला लहरींत मोडून, के-स्पेस, म्हणजे स्कॅनर मोजतो तसा आकड्यांचा तक्ता, तयार केले, त्यातल्या दर चार ओळींपैकी तीन गाळल्या आणि उरलेल्या ओळींवरून पूर्ण प्रतिमा परत मिळवायला यू-नेट हे प्रतिमांसाठीचे न्यूरल नेटवर्क शिकवले. चाचणीत एसएसआयएम, म्हणजे मूळ प्रतिमेशी साम्य मोजणारा, जास्तीत जास्त १ असणारा गुण, ०.९६ आला. नंतर एका सहकाऱ्याकडून स्कॅनरचा कच्चा डेटा मिळाला, त्यावर तेच नेटवर्क चालवले, तेव्हा कवटीच्या कडेची पुसट नक्कल मेंदूच्या आत उमटली आणि करड्या व पांढऱ्या द्रव्यामधली सीमा पुसट झाली. मार्गदर्शकांचे म्हणणे डेटा वाढवा असे आहे, तर मोठे नेटवर्क घ्यावे असे तुम्हाला वाटते. या दोहोंपैकी काय करावे, असे तुम्ही विचारले आहे.

मी अनेक वर्षे मेंदूच्या स्कॅनच्या पुनर्रचनेवरच, म्हणजे मोजलेल्या डेटावरून प्रतिमा घडवण्यावरच, काम करते आहे. माझ्या मते या दोन्ही उपायांच्या आधी एक गोष्ट पाहायला हवी. तुमच्या नेटवर्कने चूक केली आहे असे मला वाटत नाही. त्याला जे गणित दिले ते त्याने नीट सोडवले. ते गणित एमआरआयचे नव्हते, एवढेच. तुमचा कोड मी पाहिलेला नाही, त्यामुळे कच्चा डेटा वाचतानाच काही चुकले असण्याची शक्यता मी धरून चालते, आणि त्याविषयीही पुढे लिहिते. पण तुम्ही वर्णन केलेली लक्षणे इतकी ओळखीची आहेत की पहिला संशय मी प्रशिक्षणाच्या डेटावरच घेईन.

स्कॅनर प्रतिमा काढत नाही, हे आपण तोंडाने म्हणतो पण काम करताना विसरतो. चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनची केंद्रके एका ठरलेल्या वारंवारतेने फिरतात. ३ टेस्लाच्या यंत्रात ती सुमारे १२८ मेगाहर्ट्झ असते. १९७३ साली पॉल लाउटरबर यांनी दाखवून दिले की या क्षेत्राला जाणीवपूर्वक उतार दिला, तर संदेशातून स्थान वाचता येते. त्यानंतर जे मोजले जाते ते के-स्पेस. त्यातला प्रत्येक आकडा त्या छेदातल्या, म्हणजे मेंदूच्या एका पातळ कापातल्या, सगळ्या ऊतींची मिळून आलेली बेरीज असतो. मधल्या भागात ढोबळ उजेड-अंधार असतो आणि कडांकडे बारीक तपशील. साध्या पद्धतीत एका उद्दीपनानंतर एकच ओळ मिळते, म्हणून ओळी जितक्या जास्त तितका वेळ जास्त. ओळी गाळण्याचा सगळा खटाटोप त्यासाठी आहे, आणि ज्याला वेदनेमुळे किंवा आजारामुळे दोन मिनिटेसुद्धा डोके स्थिर ठेवता येत नाही त्या रुग्णासाठी तो करण्यासारखा आहे. मात्र या मोजलेल्या आकड्यांचे दोन गुण लक्षात ठेवा. ते संमिश्र संख्या असतात, म्हणजे त्यांना परिमाणाबरोबर फेजही, म्हणजे लहरीची त्या क्षणीची अवस्थाही, असते. आणि ते एका अँटेनातून येत नाहीत, तर डोक्याभोवती बसवलेल्या अनेक कॉइलमधून येतात, ज्यांतली प्रत्येक कॉइल आपल्या जवळचा भाग ठळक आणि लांबचा भाग मंद पाहते.

आता तुम्ही वापरलेल्या डायकॉम प्रतिमेचा, म्हणजे स्कॅनरने तयार करून साठवलेल्या प्रतिमेचा, प्रवास पाहा. स्कॅनरने सगळ्या कॉइलचा डेटा एकत्र केला, फेज टाकून दिली आणि केवळ परिमाण ठेवले. बहुतेक वेळा कडांवरच्या लहरी कमी करायला गाळणी लावली, आणि पडद्यावर गुळगुळीत दिसावे म्हणून के-स्पेसच्या बाहेरच्या बाजूला शून्ये भरून प्रतिमा मोठी केली. काही संग्रहांत त्यानंतर कवटी काढून टाकलेली असते, पार्श्वभूमी शून्य केलेली असते, नाहीतर जेपेगमध्ये दाबून ठेवलेली असते. अशा प्रतिमेचे फूरिए रूपांतर केल्यावर जे मिळते त्याला के-स्पेस म्हणणे म्हणजे भाताचे पुन्हा तांदूळ करता येतात असे मानण्यासारखे आहे.

याने नेमके काय बिघडते, ते आकड्यांत मांडते. समजा स्कॅनरने खरोखर २५६ ओळी मोजल्या आणि शून्ये भरून ५१२ ओळींची प्रतिमा दिली. तुम्ही ४ पट गतीसाठी, म्हणजे चौथाई ओळींत काम भागवण्यासाठी, १२८ ओळी ठेवल्या: मधल्या ८ टक्के, म्हणजे ४१ ओळी सलग, आणि उरलेल्या ८७ इतरत्र यादृच्छिक पसरलेल्या. त्या ८७ पैकी साधारण ४७ ओळी ज्या पट्ट्यात पडल्या तिथे मुळात शून्येच होती. त्या गाळल्या काय आणि ठेवल्या काय, फरक पडत नाही. माहिती असलेल्या २५६ ओळींपैकी तुमच्या हाती ४१ आणि ४०, म्हणजे ८१ ओळी आल्या. इथेच ४ पटीची ३.२ पट झाली. पुढचा भाग अधिक फसवा आहे. फेज टाकून दिलेली प्रतिमा वास्तव संख्यांची असते, आणि अशा प्रतिमेच्या के-स्पेसचा एक अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्याचे आरशातले प्रतिबिंब असतो. म्हणून मध्याबाहेरच्या ४० ओळींबरोबर त्यांच्या समोरच्या सुमारे ३३ नव्या ओळी तुमच्या नेटवर्कला फुकट मिळाल्या. एकूण ११४. तुम्ही ज्याला ४ पट म्हणत होता ती खरी गती जेमतेम सव्वादोन पट होती. नेटवर्कने हा आरसा ओळखला, त्यावर विसंबून राहायला शिकले आणि ०.९६ गुण मिळवले. कच्च्या डेटात हा आरसा नसतो, कारण सायनस आणि कानाच्या हाडाजवळच्या हवेमुळे, कॉइलच्या स्वतःच्या फेजमुळे ती सममिती मोडलेली असते. ज्या आधारावर नेटवर्क उभे होते तोच निघून गेला, आणि तुम्हाला कवटीची नक्कल दिसली.

हा तुमच्या एकट्याचा गोंधळ नाही, आणि याबद्दल संकोच वाटून घेण्याचे काहीच कारण नाही. एफ्रात शिमरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली याच विषयावर सविस्तर काम प्रसिद्ध केले. एका कामासाठी जमवलेला, प्रक्रिया झालेला खुला डेटा पुनर्रचनेसाठी वापरला की निकाल दिसायला चांगले पण प्रत्यक्षात पक्षपाती येतात, हे त्यांनी शून्ये भरणे आणि जेपेग या दोन्ही बाबतींत दाखवले. ते काम तुमच्या मार्गदर्शकांना जरूर दाखवा.

तपासणी करायला पाच मिनिटे लागतात. तुमच्या प्रशिक्षणातली कोणतीही एक प्रतिमा घ्या, तिचे द्विमितीय फूरिए रूपांतर करा आणि परिमाणाचा लॉगॅरिदम पडद्यावर पाहा. मध्ये उजळ आयत आणि भोवती काळी चौकट दिसली, तर शून्ये भरलेली आहेत. उजेड कडेकडे संथपणे न मावळता एकदम मऊ होऊन संपला, तर गाळणी लावलेली आहे. मग तेच चित्र कच्च्या डेटातल्या एका कॉइलचे काढा. तिथे नॉइज, म्हणजे मोजमापातला यादृच्छिक गोंगाट, अगदी कोपऱ्यांपर्यंत सगळीकडे सारखी पसरलेली दिसेल. ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहिली की माझ्या वरच्या दोन परिच्छेदांची गरज उरणार नाही.

कच्च्या डेटाबाबत ज्या चुका मी वारंवार पाहते त्या चटकन सांगते. वाचन दिशेत, म्हणजे एका ओळीच्या लांबीच्या दिशेत, स्कॅनर बहुधा दुप्पट नमुने घेतो, ते प्रतिमा-अवकाशात जाऊन कापावे लागतात. स्कॅनच्या काही क्रमांमध्ये (सीक्वेन्समध्ये) के-स्पेसची एक बाजू मुद्दामच अर्धवट मोजलेली असते, तेव्हा मध्य खरोखर मधोमध आहे असे धरू नका. कॉइलमधली नॉइज एकमेकींशी निगडित असते, ती आधी वेगळी करून घ्यावी. आणि मोजपट्टी तपासा: तुमचे नेटवर्क ० ते १ मधल्या आकड्यांवर शिकले असेल आणि कच्चे आकडे दशांशचिन्हानंतर कितीतरी शून्यांनी सुरू होत असतील, तर त्याच्या दृष्टीने ती प्रतिमा जवळजवळ काळीच आहे.

आता ज्या गुणांवर तुमचा भरवसा होता त्या एसएसआयएमविषयी. इथे मला थोडे थांबून लिहायचे आहे, कारण माझ्या स्वतःच्या कामात मी हे उशिरा शिकले.

आमच्या गटाने ८ पट गतीची पुनर्रचना तयार केली होती. डेटा कच्चाच होता, कॉइल अनेक होत्या, सगळे नियमाप्रमाणे. फ्लेअर, म्हणजे मेंदूतला द्रव काळा ठेवून डाग उठून दिसणाऱ्या, प्रतिमांचे पूर्ण मोजमाप आणि आमची पुनर्रचना अशा जोड्या करून मी एका अनुभवी रेडिओलॉजिस्टबाईंना दाखवायला बसले. पहिल्या काही जोड्यांवर त्या काही बोलल्या नाहीत. एका जोडीवर त्यांनी पूर्ण प्रतिमेत व्हेंट्रिकलच्या, म्हणजे मेंदूतल्या द्रवाच्या पोकळीच्या, मागच्या शिंगाजवळ पडद्यावर बोट टेकवले, तेच बोट आमच्या प्रतिमेत त्याच जागी नेले आणि विचारले, “हा डाग इकडे कुठे गेला?” तीन मिलिमीटरचा पांढरा ठिपका होता. आमच्या प्रतिमेत त्या जागी स्वच्छ, निरोगी दिसणारे पांढरे द्रव्य होते. अस्पष्टपणा नव्हता, डागाची धूसर खूणही नव्हती. प्रतिमा वाईट दिसली असती तर त्यांनी स्कॅन पुन्हा करायला सांगितले असते. ती चांगली दिसत होती, हीच अडचण होती.

त्या छेदाचा एसएसआयएम उत्तम होता, आणि तो तसाच असणार. हिशेब करून पाहा. २२० मिलिमीटरचे दृश्यक्षेत्र ३२० पिक्सेलमध्ये मावते, म्हणजे एक पिक्सेल सुमारे ०.६९ मिलिमीटर. तीन मिलिमीटरचा डाग चारेक पिक्सेल रुंद, एकूण चौदा-पंधरा पिक्सेलचा. प्रतिमेत पिक्सेल आहेत १,०२,४००. एसएसआयएम ७ बाय ७ च्या खिडकीने काढला, तर त्या डागाला स्पर्श करणाऱ्या खिडक्या शंभराच्या आसपास, म्हणजे हजारात एक. त्या सगळ्या खिडक्यांत गुण ०.९६ वरून ०.५ वर कोसळला, तरी सरासरी ०.९५९५ येते. शिवाय डोक्याबाहेरची काळी हवा शून्य केलेली असेल, तर ती पूर्ण गुण मिळवून सरासरी वर ओढत राहते. म्हणून निदान मेंदूच्या मुखवट्याच्या (मास्कच्या), म्हणजे आखून घेतलेल्या मेंदूच्या भागाच्या, आतलेच गुण मोजा. त्याने डाग सापडणार नाही, पण आकडा तरी प्रामाणिक होईल.

त्या प्रसंगानंतर मी पहिल्यांदा पाहिले ते हे, की आमची पुनर्रचना मोजलेल्या डेटाशी जुळते का. ही तपासणी तुम्हीही करावी: तयार प्रतिमेला प्रत्येक कॉइलच्या संवेदनशीलतेने, म्हणजे ती कोणता भाग किती ठळक पाहते त्या नकाशाने, गुणा, फूरिए रूपांतर करा, आणि ज्या ओळी खरोखर मोजल्या होत्या तिथे तुमचे आकडे व स्कॅनरचे आकडे यांतला फरक पाहा. उरलेला फरक निव्वळ नॉइजसारखा दिसायला हवा. त्यात मेंदूची आकृती दिसू लागली, तर नेटवर्क मोजलेल्या गोष्टीच नाकारते आहे. आमच्या बाबतीत उरलेला फरक नॉइजसारखाच होता. डाग गायब, आणि तरी डेटाशी तक्रार नाही!

याचे कारण समजून घेणे हा माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा आहे. लहान वस्तूची ऊर्जा के-स्पेसमध्ये एका जागी नसते, ती सगळीकडे पातळ पसरते. आठपैकी एक ओळ मोजली, तर त्या डागाच्या ऊर्जेचा जेमतेम आठवा भाग हाती येतो, आणि तोही अनेक ओळींत विखुरलेला, नॉइजच्या पातळीच्या आसपास. डाग असलेली आणि नसलेली अशा दोन्ही प्रतिमा त्या ओळींशी जवळपास सारख्याच जुळतात. त्यांतली कोणती खरी हे डेटा सांगू शकत नाही; नेटवर्क निवडते, आणि ते आपल्या अनुभवात जे जास्त वेळा पाहिले ते निवडते. मेंदूच्या बहुतेक छेदांत त्या जागी डाग नसतो, म्हणून त्याने डाग पुसला. म्हणून तयार प्रतिमेत मोजलेले किती आणि भरलेले किती, हा प्रश्न मी आता दर पुनर्रचनेला विचारते. अनेक कॉइल असल्या की ही अनिश्चितता कमी होते, कारण प्रत्येक कॉइल तीच ओळ वेगळ्या कोनातून पाहते. १९९९ च्या सेन्स आणि २००२ च्या ग्रॅपा या पद्धती त्याच आधारावर उभ्या आहेत. तुम्ही मात्र एकत्र केलेल्या एकाच प्रतिमेवर काम केले, त्यामुळे तो आधार तुम्हाला मुळातच नव्हता. उलट दिशेचा धोकाही तितकाच खरा आहे. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राने आणि फेसबुकच्या संशोधन विभागाने मिळून चालवलेल्या फास्टएमआरआय उपक्रमाची २०२० ची स्पर्धा मेंदूच्या स्कॅनवर होती, आणि तिच्या अहवालात काही पुनर्रचनांमध्ये मुळात नसलेल्या रचना उमटल्याची नोंद आहे.

म्हणून आता आम्ही कोणतीही पुनर्रचना बाहेर दाखवण्यापूर्वी तिच्यात डाग पेरून पाहतो. पूर्ण मोजलेल्या संमिश्र प्रतिमेत वेगवेगळ्या आकारांचे आणि वेगवेगळ्या उजळपणाचे डाग घालायचे, ते कॉइलच्या संवेदनशीलतेतून आणि फूरिए रूपांतरातून नेऊन मग ओळी गाळायच्या, आणि पुनर्रचनेत त्यांचा किती उजळपणा उरतो ते मोजायचे. तयार प्रतिमेवर डाग चिकटवून उपयोग नाही, तो मोजमापाच्या वाटेनेच आला पाहिजे. यातून एक तक्ता तयार होतो: अमुक गतीला, अमुक आकाराच्या खाली आपल्या पद्धतीवर विसंबता येत नाही. रेडिओलॉजिस्टला हा तक्ता समजतो आणि उपयोगी पडतो. याशिवाय त्याच डेटात नॉइजचे थोडेसे वेगळे नमुने मिसळून वीस-तीस वेळा पुनर्रचना करा आणि कोणता भाग जास्त हलतो ते पाहा. अगदी लहान बदलाने प्रतिमा मोठ्या प्रमाणात बिघडू शकते, हे २०२० साली आंतुन व सहकाऱ्यांनी दाखवून दिले आहे.

किती गती सुरक्षित, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. मेंदूच्या भागांचे आकारमान मोजायचे असेल, तर चूक अनेक पिक्सेलवर सरासरीने विरते आणि बरीच गती चालते. सूक्ष्म रक्तस्राव किंवा मल्टिपल स्क्लेरोसिसचे लहान डाग शोधायचे असतील, तर तीच गती धोक्याची ठरते. कॉइल किती, क्षेत्र १.५ टेस्ला की ३, क्रम द्विमितीय की त्रिमितीय, रुग्ण हलला का, यावर उत्तर बदलते. त्रिमितीय क्रमात दोन दिशांना ओळी गाळता येतात, म्हणून तिथे वाव अधिक. वेग वाढवला की संदेश-नॉइज गुणोत्तर निदान गतीच्या वर्गमुळाइतके घटतेच. ४ पटीला निम्मे. नेटवर्कने नॉइज पुसली म्हणून ती माहिती परत आली असे होत नाही.

इथवर सांगितलेले थोडक्यात: आधी डेटा खरा के-स्पेस आहे का ते पाहा, मग पुनर्रचना मोजलेल्या ओळींशी जुळते का, मग न मोजलेल्या ओळींत नेटवर्क काय भरते. नेटवर्कचा आकार हा त्यानंतरचा विषय.

कामाचा क्रम मी असा ठेवीन. तयार प्रतिमांचा संग्रह बाजूला ठेवा आणि फास्टएमआरआयचा अनेक कॉइलचा कच्चा डेटा घ्या. त्यात मेंदूचे सुमारे सात हजार स्कॅन आहेत, संशोधनासाठी ते मागणी नोंदवून मिळतात. डेटाची विभागणी रुग्णानुसार करा, छेदानुसार नको. एकाच रुग्णाचे शेजारचे दोन छेद जवळजवळ सारखे असतात. त्यांतला एक प्रशिक्षणात आणि दुसरा चाचणीत गेला, तर तुमचा गुण पाठांतराचा असतो. मला शंका आहे की तुमच्या ०.९६ मध्ये याचाही वाटा असावा. तुलना गाळलेल्या ओळींत शून्ये भरून मिळणाऱ्या प्रतिमेशी करू नका, तिला कोणीही हरवू शकते. बार्ट हे खुले सॉफ्टवेअर घेऊन कॉइलच्या संवेदनशीलता काढा, सेन्स चालवा, आणि २००७ साली लस्टिग, डोनोहो व पॉली यांनी मांडलेली, विरलतेवर (प्रतिमा थोड्याच आकड्यांत मांडता येते या गृहीतावर) आधारलेली पुनर्रचना, तिचा नियंत्रक, म्हणजे डेटा आणि विरलता यांतला तोल ठरवणारा आकडा, नीट जुळवून, चालवा. तुमचे नेटवर्क यांच्यापुढे टिकले तरच पुढे जा.

तुमचे यू-नेट वाया गेलेले नाही. आज ते प्रतिमा घेऊन प्रतिमा देते आणि मधे स्कॅनरला काही विचारत नाही. त्याला एका आवर्ती रचनेत बसवा: एक पायरी नेटवर्कने प्रतिमा सुधारण्याची, दुसरी पायरी मोजलेल्या ओळींकडे परत खेचण्याची, असे आठ-दहा वेळा. हॅमर्निक व सहकाऱ्यांचे व्हेरिएशनल नेटवर्क आणि अग्रवाल, मणी व जेकब यांची मोडीएल पद्धत याच वाटेच्या आहेत. तिथे लहान नेटवर्कही पुरते, कारण भौतिकी त्याला शिकावी लागत नाही. मार्गदर्शकांचा अधिक डेटाचा सल्ला या टप्प्यावर बरोबर ठरेल, आणि तेव्हा संख्येइतकेच वैविध्य पाहा: वेगळे क्रम, वेगळी यंत्रे, आजार असलेले मेंदू.

सुरुवात त्या फूरिए चित्रापासूनच करा. काळी चौकट दिसली तर ती प्रत्येक बाजूला किती ओळींची आहे, आणि कच्च्या डेटात कॉइल किती आहेत, हे दोन आकडे कळवा. त्यावरून तुमच्या जुन्या प्रयोगाची खरी गती किती होती आणि नव्या प्रयोगात कोणत्या गतीपासून सुरुवात करावी, हे मला नेमके सांगता येईल.